खाऱ्या गावची इंग्रजी

माझ्या सासूबाईंनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. सहीच्या जागी त्या अंगठा उठवत. पण इंग्रजीतले पाण्याचे वाक्प्रचार त्यांना माझ्याइतकेच यायचे, आणि माझ्यापेक्षा त्या ते जास्त वापरायच्या. बहुतेक वेळा भांडणात. हे सांगताना माझा ऊर अजून भरून येतो आणि ते मी लपवत नाही. लोक आपल्या सासूबद्दल काय काय सांगतात ते मी ऐकलं आहे. माझ्याजवळ सांगायला हे आहे.

माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. गल्लीच्या तोंडाशी नळ होता, त्याला पाणी यायचं आणि ते गोड असायचं. पाणी गोड असतं हे सांगावं लागतं, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी मी मॅट्रिकला बसले आणि बाकी सगळ्या विषयांत पास होऊन इंग्रजीत आपटले. वडील म्हणाले, झालं तेवढं पुष्कळ. पुढच्याच उन्हाळ्यात बडनेऱ्याला गाडीत बसून वरात अकोल्याला उतरली, तिथून बैलगाडीने सासरी. घर शेतकऱ्याचं, काळी जमीन, माणसं चांगली. उतरल्यावर कुणीतरी हातात पाण्याचा गडवा दिला. मी घोट घेतला आणि तोंडातलं पाणी गिळावं की थुंकावं ते मला कळेना. नव्या नवरीला थुंकता येत नाही, म्हणून गिळलं.

आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना मैलोन्मैल जमिनीखाली खारं पाणी आहे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, केस धुतले तर काथ्यासारखे होतात आणि तुरीची डाळ सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारपर्यंत दाण्याला दाणा वेगळा राहतो. पहिले काही महिने मी डाळीसमोर बसून रडले आहे. मी सुगरण होते आणि लोक मला अडाणी समजत होते, याचा संताप जास्त होता.

या पाण्यापायी गावात कुणी मास्तर टिकत नसे. बदली होऊन यायचे, आठवडाभर पोट धरून बसायचे आणि अकोल्याला जाऊन कुणाचे तरी पाय धरून दुसरीकडे जायचे. मुलांची शाळा वर्षातून चार महिने कशीबशी चाले. मुलींची तर नव्हतीच. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास वरून निरोप आला की गावाला मुलींचा वर्ग मंजूर होईल, पण शिकवायला बाई पाहिजे, ती मॅट्रिक पास पाहिजे आणि दोन वर्षांत ती मिळाली नाही तर वर्ग दुसऱ्या गावाला जाईल. चावडीपुढे हे वाचून दाखवलं तेव्हा बायका मागे उभ्या होत्या. त्यांच्यातून माझ्या सासूबाई बोलल्या, "बाई हाय ना. माही सून हाय. इंग्रजी तेवढी राह्यली तिची, ते करून घेतो."

मी घरी भाकरी थापत होते. मला हे शेजारणीने येऊन सांगितलं, आणि असं तोंड करून सांगितलं की जणू आमच्या घरात चोरी झाली.

सासूबाई आल्या तेव्हा मी विचारलं, "आत्याबाई, मला न विचारता गावासमोर कसं सांगितलं तुम्ही?"

"कावून? तू नाही म्हनली असती काय?"

"नापास झाले तर?"

"त मंग माहं नाक जाईन," त्या म्हणाल्या. "तुहं कायचं जाते?"

अशी ती सुरुवात. नाक त्यांचं होतं, परीक्षा माझी, आणि वर्ग गावातल्या पोरींचा. मामंजी म्हणजे माझे सासरे, अबोल माणूस. ते अकोल्याला गेले आणि इंग्रजीचं एक गाइड घेऊन आले. फीदेखील भरून आले. माझे यजमान हसले आणि शेतावर निघून गेले. त्यांची संमती नेहमी अशीच असे.

आता अभ्यास करायचा कधी? घरात दिवसभर बसायला जागा मिळते, वेळ मिळत नाही. वेळ मिळायचा तो एकाच ठिकाणी, झिऱ्यावर. पिण्याचं पाणी आम्ही नदीतून आणत असू. थंडी सरली की पूर्णेचं पात्र कोरडं पडायचं. मग वाळूत हातभर, दोन हात खड्डा खणायचा आणि त्यात पाणी पाझरण्याची वाट पाहायची. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. वाटीने पाणी हळूहळू उपसून गुंडात, म्हणजे आमच्याकडच्या हंड्यात, भरायचं. वाटी घाईने घातली की वाळू ढवळते आणि पाणी गढूळ होतं, म्हणून बसून राहावं लागतं. प्रत्येक घराची पाळी असते. सासूबाई आणि मी सकाळी दोन-दोन गुंड घेऊन जायचो, आणि झिरा भरेपर्यंत मी गाइड उघडून बसायचे. गावातल्या बायकांना हा तमाशाच होता. सून पुस्तक वाचते आणि सासू वाटीने पाणी भरते.

मॅट्रिकच्या पेपरात वाक्प्रचारांचा प्रश्न असायचा. अर्थ लिहा आणि आपल्या वाक्यात वापरा. पहिल्या खेपेला मी तिथेच बुडाले होते, कारण मी गाइडमधली वाक्यं पाठ केली होती. त्या वाक्यांत सगळी गलबतं, कप्तान आणि बंदरं. मी आयुष्यात गलबत पाहिलं नव्हतं. परीक्षेत एका वाक्याचं डोकं दुसऱ्या वाक्याच्या धडाला लागलं आणि कप्तान सगळे वाहून गेले.

झिऱ्यावर मी पुटपुटत बसायचे ते सासूबाईंना सहन होईना. "काय म्हनून राहिली ते मले सांग. मी बी बसून हाओ इथं." मी अर्थ सांगायला लागले. योगायोगाने त्या दिवशी पान पाण्याच्या वाक्प्रचारांचं होतं. गाइडवाल्याने ते एकत्र दिले होते, आणि पाणी हा विषय सासूबाईंच्या अधिकारातला होता.

'इन हॉट वॉटर', गरम पाण्यात असणे, म्हणजे अडचणीत सापडणे. सासूबाईंनी वाटी थांबवली. "गरम पान्यात अडचन कायची? जवाई आला त आपन त्याले गरमच पानी देतो आंगोयीले. थंड दिलं त थो रुसते." मी म्हटलं, इंग्रजांत तसं आहे. पुढचा होता 'थ्रो कोल्ड वॉटर', एखाद्याच्या उत्साहावर थंड पाणी टाकणे, म्हणजे हिरमोड करणे. अकोल्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय सांगू. मे महिन्यात आमच्याकडे कुणी अंगावर थंड पाणी टाकलं तर माणूस त्याचे उपकार जन्मभर विसरत नाही. सासूबाई म्हणाल्या, "या इंग्रजायचं सगळं उलटंच हाय. गरम दिलं त वाईट, थंड टाकलं त वाईट. मंग यायले कसं पानी पाह्यजे?" झिऱ्यावरच्या बायका हसल्या. मीही हसले, आणि ते दोन्ही वाक्प्रचार मला पुन्हा कधी पाठ करावे लागले नाहीत.

तिथून त्यांनी नियमच केला. गाइडमधलं वाक्य म्हणायचं नाही. "ते त्यायच्या गावचं हाय. आपल्या गावचं सांग." मी आपल्या गावचं वाक्य मराठीत सांगायचं, ते त्यांना पटलं तर इंग्रजीत करायचं, पटलं नाही तर दुसरं. पटवणं सोपं नव्हतं. एकेका वाक्प्रचाराला दोन दोन सकाळी लागायच्या, आणि मला राग यायचा, कारण परीक्षा जवळ यायला लागली होती आणि ही बाई खोट काढत बसली होती.

'इन डीप वॉटर', खोल पाण्यात असणे, हा मात्र त्यांना ऐकताक्षणी पटला. "हे खरं हाय. खोल गेलं का खारंच लागते." आमच्याकडे विहीर जितकी खोल न्यावी तितकं पाणी खारट होत जातं. आशेपायी खणत जाणारे घरदार घालवून बसलेले होते. इंग्रजांना खोल पाण्यात बुडायची भीती, आम्हाला मिठाची. संकट तेच. 'फिश आउट ऑफ वॉटर', पाण्याबाहेरचा मासा, हा मी स्वतःवर घेतला. नवी जागा, नवी माणसं, जीव गुदमरतो. मी वाक्य सांगितलं की लग्न होऊन आले तेव्हा मी पाण्याबाहेरच्या माशासारखी होते. सासूबाईंना ते अर्धंच पटलं. म्हणाल्या, "तू पान्याबाहेर नोयती व. तू आमच्या पान्यात येऊन तडफडली." मग बऱ्याच वेळाने, गुंड उचलताना, "मी बी तशीच आलती. माहं माहेर डोंगराकडचं हाय. तिथं झऱ्याचं पानी." इतक्या दिवसांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

'कीप युवर हेड अबव्ह वॉटर' याला मी वाक्य शोधत होते. डोकं पाण्यावर ठेवणे म्हणजे हलाखीत कसंबसं निभावून नेणे. सासूबाई म्हणाल्या, हे मी सांगतो. (आमच्याकडे बायकाही सांगतो, जातो असंच म्हणतात.) आणि त्यांनी सांगितलं ते असं : एका वर्षी कपाशी पाण्याने गेली, दिराने वाटणी मागितली, घरात ज्वारीच्या कण्या तेवढ्या राहिल्या. त्यांनी त्या कण्यांवर सहा माणसांचं घर पावसाळाभर चालवलं आणि माझ्या यजमानांना शाळेतून काढलं नाही. सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. त्या वाटीने पाणी भरत होत्या. मी ते वाक्य इंग्रजीत करून म्हणून दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणून घेतलं, मग स्वतः म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी मामंजींना जेवताना ऐकवलं. मामंजींचा घास हातातच राहिला.

सगळ्यात गाजला तो 'होल्ड वॉटर'. एखादं बोलणं पाणी धरत नाही, म्हणजे ते टिकत नाही, तर्काला उतरत नाही. ज्यांच्या घरी फुटका गुंड कधी ना कधी आला आहे त्यांना हा समजावून सांगावा लागत नाही. ती चोरीचं तोंड करणारी शेजारीण एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "एकदा नापास झालेलं पोट्टं दुसऱ्यांदा बी नापासच होते. मीनं पाह्यलं हाय."

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुहं बोलनं पानी धरत नाही व. डोन्ट होल्ड वॉटर."

पहिलं झिऱ्यावर सगळ्यांना कळलं आणि दुसरं कुणालाच कळलं नाही, त्यामुळे परिणाम दुप्पट झाला. शेजारीण गुंड घेऊन निघाली. त्यानंतर आमच्या गावच्या बायका भांडणात म्हणायला लागल्या, तुहं बोलनं पानी धरत नाही. मी म्हातारी झाले तरी ते ऐकायला येतं. ते कुठून आलं हे आता फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. ते माझ्या सासूने आणलं.

परीक्षा अकोल्याला होती. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडच्या एका गल्लीत सासूबाईंची बहीण राहायची, तिच्याकडे आम्ही दोघी उतरलो. मला तेव्हा दिवस होते, चौथा महिना असावा, आणि सासूबाई मला एकटीला सोडायला तयार नव्हत्या. इंग्रजीच्या पेपराला त्या शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिल्या. पेपर उलटला. वाक्प्रचार पाच, त्यांतले तीन पाण्याचे. आनंदाने मला रडू यायचं बाकी राहिलं. पण लगेच भीती आली. गाइडमधलं वाक्य लिहावं तर तपासणाऱ्याला ते ओळखीचं वाटेल, निदान चुकीचं वाटणार नाही. आमच्या गावचं वाक्य लिहिलं आणि त्याला पटलं नाही तर? कुठला तरी शिकलेला माणूस, त्याला कण्यांचं आणि खाऱ्या विहिरीचं काय? मी कप्तानाचं वाक्य आठवून पाहिलं. ते अजूनही मोडकंच आठवलं. मग मी आमच्या गावचीच लिहिली, एकामागून एक, न थांबता. खोल विहिरीचं, तडफडणाऱ्या माशाचं आणि सासूने पाण्यावर ठेवलेल्या घराचं.

बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, "आपलीच लिहिली नं?"

"आपलीच."

निकाल वर्तमानपत्रात आला. मामंजींनी तो अकोल्याहून आणला आणि माझ्या हातात देऊन खाटेवर बसले. माझा नंबर होता. नंतर गुण कळले तेव्हा इंग्रजीचे सगळ्यांत जास्त होते. ते मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते.

पण नोकरी अजून मिळायची होती. मुलाखतीसाठी अकोल्याला बोलावणं आलं. साहेब पुण्याकडचे, भाषा गुळगुळीत, माणूस सभ्य. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या, दार उघडंच होतं. साहेबांनी इंग्रजीत काही विचारलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, इंग्रजी येणाऱ्या शिक्षिका आम्हाला मिळत नाहीत. तुम्ही त्या खाऱ्या गावात कशाला सडताय? इथे शहरात मुलींच्या शाळेत जागा आहे. पगारही जास्त. राहायला खोली, दारात नळ. उद्यापासून या."

दारात नळ. खरं सांगते, माझा जीव त्या नळावर गेला. गोड्या पाण्याने धुतलेले केस, शिजलेली डाळ, आणि माझ्या पोटातलं बाळ. अमरावतीही जवळ. मी विचारलं, "मग आमच्या गावचा वर्ग?"

साहेब हसले. त्यात वाईट काही नव्हतं, पण हसले. "तिथे कोण जाणार, बाई? तो जाईल रद्द होऊन."

माझा स्वभाव तापट आहे. ते हसू मला लागलं. दोन वर्षं झिऱ्यावर बसून जो वर्ग मी ओढून आणला होता तो हा माणूस हसून रद्द करत होता. मी म्हटलं, "मी जाणार. मी तिथलीच आहे. मला तिथेच द्या." साहेबांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यांनी कागदावर तसं लिहिलं. मी तिथलीच आहे हे वाक्य मी त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा बोलले.

बाहेर आले तर सासूबाईंचा चेहरा लाल. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एसटी स्टँडपर्यंत त्या माझ्यापुढे चालत राहिल्या. गाडीत बसल्यावर फुटल्या. "येडी झाली काय तू? घरी चालून आलं होतं. नळ होता. मीनं कायले जीव आटवला एवढा? तू तिथून निंघावं म्हनून. तुह्या सासऱ्याले या पान्यानं मुतखडा झाला त भिंतीवर डोकं आपटे. आता हे पोटातलं, याले बी हेच खारं पाजतं काय?"

मग मला कळलं. चावडीपुढे त्यांनी गावासाठी बाई दिली असं मी समजत होते. मॅट्रिकच्या निमित्ताने त्या मला गावाबाहेर काढायला निघाल्या होत्या. डोंगराकडच्या झऱ्यापासून तोडून आणलेल्या त्या बाईला स्वतःला सुटता आलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. सगळा रस्ता त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी चुकले की काय, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

गावाच्या फाट्यावर गाडी थांबली. तिथे ओट्यावर चार माणसं, चार बायका, नेहमीचीच मंडळी, आणि त्यांत ती शेजारीणही होती. सगळे बघायला लागले. तिनेच विचारलं, "काय झालं व? भेटली काय नोकरी?"

सासूबाई उतरल्या, पदर सारखा केला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. राग होताच. पण आवाज एवढा मोठा काढला की गाडीतली माणसंही खिडकीतून डोकावली.

"शहराची देत होते," त्या म्हणाल्या. "नळ, खोली, जास्तीचा पगार. साहेब हात जोडत होता. माह्या सुनेनं नाही म्हटलं."